आई फाडतील तर माल पास

आमच्या कारखान्यात माल पास करण्याचं काम माझ्या सासूबाई करतात, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. मी कसबा पेठेतली आहे. मी चेष्टा करते तेव्हा समोरच्याला ती घरी गेल्यावर कळते. ही चेष्टा नाही.

कारखाना म्हणजे धायरीतली पत्र्याची शेड. माझं लग्न झालं तेव्हा तिथे गोठा होता आणि भोवती सासरच्यांचं रान होतं. आता रानात टॉवर आहेत, त्यांना इटलीतल्या गावांची नावं आहेत, आणि मधोमध आमची शेड आहे. तिथे आम्ही पिशव्या बनवतो. प्लास्टिकची पिशवी म्हटलं की लोक लगेच भुवया वर करतात, "पण बंदी आहे ना?" अहो, बंदी आहे ती मंडईत भाजी भरून मिरवायच्या पिशवीला. तुम्ही बंदीच्या गप्पा मारत मारत जो चिवडा खाता, तो ज्या छापील सीलबंद पिशवीतून येतो ती आमची. जिच्या कोपऱ्यावर बाण काढून 'येथून फाडा' असं लिहिलेलं असतं आणि जी तेवढी एक जागा सोडून सगळीकडून फाटते, ती पिशवी. आमची मात्र बाणावरूनच फाटते. त्याचं श्रेय आईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हणजे तुळजाबाईंना.

ह्यात गंमत अशी आहे की पिशवीचा प्लास्टिकचा कागद मुळात हट्टी असतो. वर चकचकीत छापील थर, आत मऊ थर. दोन्ही चिकटवलेले. तुम्ही ओढलंत की तो फाटत नाही, नुसता ताणतो आणि पांढरा पडतो. म्हणून मशीन काय करतं, की गरम पट्टीनं कडा चिकटवल्या, पिशवी तोडली, की काठाला एक इवलीशी खाच मारतं. कापडाच्या दुकानात नाही का, तो माणूस काठाला कात्रीनं एक चीर देतो आणि मग टर्रकन हातानं फाडतो? तसंच. सगळा जोर त्या खाचेच्या टोकाशी जमा होतो आणि कागद मुकाट्यानं मार्गाला लागतो. खाच उथळ पडली तर गिऱ्हाईक दात लावतं. खोल पडली तर पिशवी पिशवी राहत नाही. सगळी कला तेवढ्यात आहे.

मशीन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी विक्रमनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पहिली पिशवी देवापुढे ठेवली आणि दुसरी आईंच्या हातात दिली. आईंनी ती ओढली, पिळली, दात लावला आणि म्हणाल्या, "ही पिशवी हाय का कुलूप? मान्सानं खायाचं कवा?" विक्रमनं खाच थोडी वाढवली. मग आईंनी फाडली आणि "आता पास" म्हणाल्या. झालं, तोच कायदा. दारातच एक खाट टाकलेली असते. सकाळी मशीन सुरू झालं की पहिल्या क्रेटला कुंकवाचं बोट लागतं, आमचा ऑपरेटर वैजनाथ तो क्रेट आईंपुढे ठेवतो, आई डोळे मिटून आत हात घालतात, हाताला येईल ती पिशवी काढतात, अंगठा खाचेशी नेतात आणि टर्र. "पास." मग दिवसभर मशीन चालतं. विक्रमनं मध्यंतरी पिशवी किती जोरानं फाटते ते मोजायचं यंत्र आणलं होतं. त्याच्यावर आईंचा जेवणाचा डबा ठेवतात.

हसू नका. सासरे गेले, मागोमाग म्हशी विकल्या, रान बिल्डरकडे गेलं, तेव्हा ह्या बाईनं भिंतीकडे तोंड करून जी झोप धरली ती कितीतरी दिवस सोडली नव्हती. खायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. "हातांना कामच न्हाय तर हात कशाला ठेवलेत देवानं" एवढंच एकदा म्हणाल्या. डॉक्टर झाले, देव झाले, आणि शेवटी उठवलं कुणी, तर ह्या पिशवीनं. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही. चहात साखर किती, पोळी जाड का, माहेरी फोन किती वेळ, सगळ्यावरून आमची जुंपलेली. पण सकाळी त्या पदर खोचून शेडकडे निघाल्या की मलाही हुशारी यायची. ती खाट गेली तर त्या पुन्हा भिंतीकडे वळतील आणि ह्या वेळी उठणार नाहीत, हे मला आणि विक्रमला न बोलता ठाऊक होतं.

आणि मग गणपतीत आईंना चिकनगुनिया झाला.

ताप गेला, बोटं मात्र राहिली ती आखडलेलीच. तरी बाई खाटेवर हजर. वैजनाथनं क्रेट ठेवला. आईंनी पिशवी काढली, अंगठा लावला, ओढली. कागद ताणला गेला, पांढरा पडला. पुन्हा ओढली. वैजनाथ छताकडे बघायला लागला. आईंनी पिशवी मांडीवर ठेवली, पदरानं उगाच पुसली आणि म्हणाल्या, "आज खाच बसली न्हाय वाटतं."

खाच अगदी बरोबर बसली होती. मी स्वतः बघितली होती.

"हो आई," मी म्हणाले, "वैजनाथचं लक्षच नसतं हल्ली."

वैजनाथ बिचारा मशीनकडे वळला. मी मशीनपाशी जाऊन त्याला सांगितलं, खाच खोल कर. दुसरी पिशवी आली, ती फाटली. "पास," आई म्हणाल्या. पण ती फाडताना त्यांनी ओठ चावला, कपाळाला आठी घातली. एवढ्या खोल खाचेलाही एवढा जोर लागतो? दुसऱ्या दिवशी मी खाच आणखी खोल करवली. तर आईंनी मानेच्या शिरा ताणल्या.

"अहो," मी विक्रमला म्हणाले, "आईंची ताकद रोज कमी होतेय."

विक्रम हळवा माणूस आहे. त्यानं मशीनवर दात्यांचं चाक बसवून घेतलं. ते बाणाच्या रेषेवर बारीक बारीक भोकं पाडत जातं, पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी. पिशवी नुसती धरली तरी तिथून वेगळी व्हायला बघायची. आईंनी ती फाडताना खाटेच्या पायाला पाय लावून जोर दिला. मग विक्रमनं कागदाचा रोल चाकणला पाठवून लेसरची रेघ मारून आणली. लेसर वरचा थर कापतो, आतल्याला धक्का लावत नाही. असं म्हणतात. आईंनी ती पिशवी फाडताना "आई गं" केलं आणि नंतर बराच वेळ दंड चोळत बसल्या. विक्रमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिथेच सील करायच्या पट्टीचं तापमानही उतरवलं.

आता ह्या सगळ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती, ती म्हणजे ह्या पिशव्यांत कुणीतरी चिवडा भरणार होतं.

भरला रंगनाथशेठनी. कसबा पेठेत त्यांचं फरसाणाचं दुकान आहे, माझ्या माहेरापासून चार पावलांवर, मला ते शाळेपासून ओळखतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला.

"तनुजाबाई, आपली पिशवी फार सुंदर आहे. फाडायला सोपी. फक्त ती बंद कशी ठेवायची तेवढं सांगा."

मग एकेक बाहेर आलं. एक बाई पिशवी निवडत होत्या, त्यांना शिंक आली, मांडणीवरचा पूर्ण कप्पा उघडला. मंडईत एका गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये पातळ पोह्यांचा चिवडा झाला आणि त्यात पर्समधला रुमाल, चाव्या आणि अंगारा मिसळला. एका गृहस्थांनी भावाच्या घरी न्यायला म्हणून बऱ्याच पिशव्या घेतल्या आणि स्वारगेटला बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पुढे सगळी बस चिवडा खात खात गेली, आणि कंडक्टरनं शेंगदाणे कमी असल्याची तक्रार त्या गृहस्थांकडे केली. भांडण झालं ते शेंगदाण्यांवरून. पिशवीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, उलट एका आजोबांनी "कशी छान उघडली हो" म्हणून कौतुकच केलं. रंगनाथशेठनी दुकानात पाटी लावली: 'पिशवीला हात लावण्यापूर्वी घरून डबा आणावा.'

ते गोणीभर उघड्या पिशव्या घेऊन स्वतः धायरीला आले.

"हा माल पास कोण करतं?"

विक्रमनं खाटेकडे बोट दाखवलं. आई तेव्हा औषध घ्यायला घरी गेल्या होत्या. मी शेठना सगळा कायदा समजावून सांगितला. रंगनाथशेठनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"म्हणजे मावशींच्या हाताला सोपं जावं म्हणून?"

"हो."

"मग आपण एक करू. मी चिवडा उघडाच ओंजळीत देत जातो. मावशींना फाडायचा त्रासच नको."

ते म्हणाले ते खरंच होतं, आणि खरं बोलणाऱ्याला उलट उत्तर देणं माझ्या माहेरच्या गल्लीत चालत नाही. शेवटी शेठनीच मार्ग काढला. गुढीपाडव्याला ते नव्या मालाचा मुहूर्त करणार होते. पाडव्याला ते शेडमध्ये येणार, त्यांच्या मालातली एक पिशवी आई त्यांच्यासमोर फाडणार, दुसरी ते स्वतः भरून खांद्याच्या उंचीवरून खाली टाकणार. पहिली फाटायला हवी, दुसरी फाटता कामा नये. दोन्ही झालं तर वर्षभर पिशव्या आमच्या. नाहीतर राम राम.

ते गेल्यावर विक्रम म्हणाला, "ते यंत्र बाहेर काढू. आईला सांगून टाकू, आता तुझ्याच्यानं होत नाही."

"सांगा ना."

"मी?"

"मग काय रंगनाथशेठ सांगणार?"

तो घरी गेला, बऱ्याच वेळानं परत आला.

"काय म्हणाल्या?"

"चहा घेतोस का म्हणाली."

"मग?"

"घेतला."

असा आमचा शूर वीर. मग मीच डोकं चालवलं. रोज पहिला क्रेट आईंसाठी वेगळा काढायचा. खाच, भोकं, रेघ, थंड पट्टी, सगळे लाड त्या एका क्रेटचे. त्यालाच कुंकू. आईंनी "पास" म्हटलं की वैजनाथनं लगबगीनं मशीन पुन्हा नीट लावायचं आणि खरा माल काढायचा. तो खरा माल विक्रम डबा हलवायच्या निमित्तानं त्या यंत्रावर तपासून घ्यायचा. बाजारातल्या तक्रारी थांबल्या. चांगलं चाललं होतं.

चालत नव्हतं ते एवढंच, की आईंचा जोर कमीच होत गेला. हिवाळ्यात तर बघवेना. ते फुरफुरणं, ती वळलेली मूठ, तो खाटेचा करकर आवाज. आम्ही पिशवी आणखी सैल केली. त्या आणखी कण्हल्या. आम्ही आणखी सैल केली. शेवटी शेवटी आईंची पिशवी म्हणजे एकमेकांशेजारी ठेवलेले दोन कागद होते, आणि ते शेजारधर्मानं जवळ राहत होते. वैजनाथ तो क्रेट काठोकाठ भरलेली तुपाची वाटी आणावी तसा आणायचा. शेडमधला पंखा बंद. खोकला आलेल्यानं बाहेर जायचं. उन्हं तापायला लागली, पत्रा भाजायला लागला, तरी सकाळी आईंचं होईपर्यंत पंखा बंद. एकदा तर आईंनी डोळे मिटून पिशवी वर काढली आणि ती हातात येता येताच उघडली. आईंनी त्यानंतर दोन्ही हातांनी तिला धरलं, "हं!" केलं, मान मागे टाकली आणि घामाघूम होऊन "पास" म्हणाल्या. मी तोंडाला पदर लावून बाहेर गेले. वाटलं, हिला आता पिशवी उघडली की नाही हेसुद्धा कळत नाही.

पाडवा आला. शेडच्या दाराला गुढी, गाठी, कडुलिंब. रंगनाथशेठ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीत भरून बघायला दोन डबे चिवडा. आई नवी इरकल नेसून खाटेवर. मी वैजनाथला बजावून बजावून सांगितलं होतं, शेठच्या खऱ्या मालातूनच एक पिशवी काढल्यासारखं दाखवायचं, पण आईंपुढे कुंकवाचाच क्रेट ठेवायचा.

वैजनाथनं क्रेट आणले. एकावर एक, ओळीनं. प्रत्येक क्रेटला कुंकू.

"वैजनाथ," मी दातांतून विचारलं, "आईंचा कुठला?"

वैजनाथनं क्रेटकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, पाडव्याचा सण. एकालाच कुंकू लावायचं आन् बाकीच्यांनी काय पाप केलं? ते बरं दिसंना. म्हणून सगळ्यांना लावलं."

"आणि आता?"

"आता सगळेच शुभ आहेत ताई."

तोवर आईंनी डोळे मिटून समोरच्या क्रेटमध्ये हात घातला होता. पिशवी वर आली आणि कडकडली. आईंची पिशवी कधीच कडकडत नसे. मला आवाजावरून कळलं, ही खरी.

आईंनाही काहीतरी कळलं असावं. त्यांनी डोळे उघडले. अंगठा काठावरून हळू फिरवला, खाच शोधली, तिथे थांबल्या. एकदा माझ्याकडे बघितलं. मग ओढली. ह्या वेळी ना ओठ चावला, ना खाट करकरली. नुसती ओढली, मुकाट. पिशवी हलली नाही.

"शेठ, आधी चहा घ्या ना," मी पुढे झाले.

"थांब," आई म्हणाल्या.

पुन्हा ओढली. आणखी एकदा. कागद पांढरासुद्धा पडला नाही. शेडमध्ये मशीनचा आवाज बंद होता, बाहेरच्या टॉवरवर कुणाच्या तरी गुढीला बांधलेली साखरेची माळ खाली पडली तर ऐकू आलं असतं. विक्रम भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. मला वाटत होतं, धावत जावं, पिशवी हिसकावून घ्यावी, फाडून त्यांच्या हातात द्यावी आणि सगळ्यांना ओरडून सांगावं की बघा, आईंनीच फाडली. मी जागची हलले नाही.

आईंनी हात उघडून बोटांकडे बघितलं. मग पिशवी रंगनाथशेठपुढे धरली.

"तुमी फाडा."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग आईंकडे. त्यांनी खाचेशी बोटं लावली. टर्र. बाणापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ. दुसरी पिशवी विक्रमनं मशीनवर बंद करून दिली. शेठनी खांद्याएवढी उंच धरून सोडली. नाही फुटली. त्यांनी तिच्यावर पाय दिला. चिवड्याचा चुरा झाला, पिशवी शाबूत.

"मावशी," त्यांनी विचारलं, "पास?"

"पास," आई म्हणाल्या. मग हळूच उठल्या, साडी झटकली. "ह्या खाटंवर उद्यापासनं तनुजा बसंल." आणि कुणाचा हात न धरता घराकडे चालत गेल्या. शेठनी पेढे वाटले. मी माझा पेढा वैजनाथला फेकून मारला. त्यानं तो झेलला आणि खाल्ला.

घरी गेले तर आई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या.

मी श्रीखंड-पुरी वाढून आणली. "नगं." चहा आणला. "नगं." मी म्हटलं, "आई, उठा ना हो." संध्याकाळी गुढी उतरवली, तेव्हाही पाठ तशीच. विक्रम दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. मी स्वैपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. ज्या बाईनं माझ्या पोळीला कधी नाव ठेवायचं सोडलं नाही, तिनं उठून एकदा माझ्या पुरीला नाव ठेवावं म्हणून रडले. पुरी खरंच वातड झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू व्हायचं थांबलं नाही. शेठचा माल काढायचा होता. मी जाऊन त्या खाटेवर बसले. दुसऱ्याच्या घरात चोरून बसल्यासारखं वाटत होतं. वैजनाथनं क्रेट ठेवला. कुंकवाचं एकच बोट, आणि क्रेट खऱ्या मालाचा. खोट्याचं आता काम नव्हतं. मी डोळे मिटले, पिशवी काढली, अंगठा खाचेशी नेला, आणि चपलांचा आवाज ऐकू आला.

दारात आई. केस विंचरलेले, पदर खोचलेला. उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मला एकदम सुचलं. मला काही सुचलं की माझा नेहमी घोटाळा होतो, तरी सुचलं. मी पिशवी ओढल्यासारखी केली. कपाळाला आठी घातली. खाटेच्या पायाला पाय लावला. ओठ चावला. "आई गं," मी म्हणाले. "आई, नाही जमत हो मला. हे तुमचंच काम आहे. तुम्ही या बघू."

आई जवळ आल्या. माझा चेहरा नीट न्याहाळला.

"ओठ आदी चावायचा," त्या म्हणाल्या. "मंग आठी. आन् पाय सगळ्यात शेवटी. सगळं एकदम केलं की खोटं वाटतं."

मी पिशवी मांडीवर ठेवली.

"अगं, फू केलं तरी उघडनाऱ्या पिशव्या सा महिने जोर लावून फाडल्यात मी. तुमी दोघं एवढी धडपड करताय, मला कळलं असं दिसलं तर तुमाला वाईट वाटंल, म्हनून. जरा जास्त कन्हले की तुमी आनखी सैल करायचा. सैल केली की मला आनखी कन्हायला लागायचं. जीव गेला माजा त्या नाटकात. काल संपलं, तवा कुटं पाठ टेकली, तर तू आपली सारखी उठा उठा, उठा उठा."

विक्रम यंत्रापाशी डबा हातात घेऊन तसाच उभा होता. वैजनाथनं उगाचच पंखा लावला.

"आधीच का नाही सांगितलंत?" शेवटी मी विचारलं. रडत होते की भांडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. "आम्ही उन्हात पंखा बंद करून बसलो, शेठची दिवाळी बसमध्ये सांडली, आणि तुम्ही..."

"आन् तू सांगितलंस व्हय मला?" आई म्हणाल्या. "मी वाट बघत हुते. ही वाघीन मला साखरेवरनं बोलती, पोळीवरनं बोलती, यावरनं कसं बोलंना? तवा म्हनलं, माया दिसती."

त्यांनी कमरेला हात देऊन खाटेचा अंदाज घेतला.

"सरक तिकडं."

मी सरकले. त्या शेजारी टेकल्या. त्यांची आखडलेली बोटं त्यांनी माझ्या मनगटावर ठेवली आणि माझा अंगठा थोडा खाली, खाचेच्या नेमक्या टोकाशी आणला.

"तू फाड. पास म्हनायला माजं तोंड अजून धड हाय."